दगड उपटले, कोळसे राहिले

दिवाणी दाव्यातला साक्षीदार अंथरुणाला खिळलेला असला, तर कोर्ट त्याच्या घरी जातं. न्यायाधीश जात नाहीत. ते एखाद्या वकिलाला कमिशनर नेमतात आणि तो जाऊन साक्ष नोंदवून आणतो. मी एरंडोल-पारोळा भागात वकिली करते आणि ही कामं आवडीने घेते. फी बेताचीच असते. पण आपल्या खाटेवर, आपल्या छपराखाली पडलेला माणूस पिंजऱ्यातल्या माणसापेक्षा वेगळं बोलतो, हे ऐकायला मिळतं. शिवाय कमिशनरला कोणाची बाजू घ्यायची नसते. आयुष्यभर बाजू घेऊन बोलणाऱ्याला अधूनमधून तेवढी सुट्टी बरी वाटते.

हा दावा दोन सख्ख्या भावांचा होता. गाव थोरल्यांना अण्णा म्हणतं, धाकट्यांना नाना. मीही तेच म्हणते. वडील वारलेले, नाना बरीच वर्षं सुरतेला नोकरीत, जमीन सगळी अण्णांच्या ताब्यात. भांडण खरं तर गिरणाकाठच्या एकाच शेताचं. काळी कसदार जमीन, विहिरीला बारमाही पाणी, कापूस म्हणा की कांदेबाग केळी म्हणा, काहीही लावा. नानांचं म्हणणं, वडिलांनी हयातीतच शेताच्या मधोमध चार दगड रोवून निम्मं-निम्मं करून दिलं होतं. अण्णांचं म्हणणं, नदीकाठचं पूर्ण शेत मला आणि वरचं बरड नानाला, अशी तोंडी वाटणी झाली. दगड कधी नव्हतेच. सात-बाऱ्यावर दोघांची नावं आणि वाटणीचा कागद एकही नाही.

तोंडी वाटणीच्या दाव्यात सगळी भिस्त माणसांवर. वाटणीला बसलेले जुने पंच वारले होते. उरला होता एक सालदार.

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरतं. रोख किती, धान्य किती, कपडे किती, सगळं तोंडी. पुढच्या आखाजीला हिशेब करून मोकळं. हे बाबा आधी वडिलांकडे आणि मग अण्णांकडे, असे सगळं आयुष्य एकाच घरी सालाने राहिले. आता वय झालं म्हणून फक्त गुरं बघायचे. पोळ्यानंतर गोठ्यात पाय घसरून मांडीचं हाड मोडलं आणि खाटेला लागले. एकटा जीव. रोजचा डबा अण्णांच्या घरून यायचा.

आणि बाबा साक्षीदार होते अण्णांचेच. अण्णांच्या वकिलांनी त्यांच्या सरतपासणीचं, म्हणजे आपल्या बाजूने द्यायच्या मूळ साक्षीचं, शपथपत्र आधीच कोर्टात दाखल केलं होतं, खाली अंगठा उमटवलेला. 2002 पासून सरतपासणी अशी शपथपत्रावरच होते. कमिशनरने उलटतपास तेवढा नोंदवायचा. तासाभराचं काम, असा माझा हिशेब.

पौषातली थंडी होती. दोन्ही बाजूंचे वकील आणि मी एकाच गाडीने निघालो, कारण तालुक्याहून त्या गावाला दुसरं काही धड जात नाही. अण्णांचे वकील ज्येष्ठ, आमच्या बारमधले महाभारताचे जाणकार. गाडीत बसतानाच मला म्हणाले, "ताई, आज तुम्ही संजय. दिसेल ते सांगायचं, मनाचं घालायचं नाही." मी म्हटलं, "संजय पगार धृतराष्ट्राचा घेत होता, साहेब, पण 'हे सगळं तुझ्यामुळे झालं' हे त्याला तोंडावर सुनावतही होता." ते हसले. आमच्या भागात हे असं बोलणं कोणाला जड वाटत नाही. एरंडोल म्हणजेच एकचक्रानगरी आणि बकासुर मारला तो पलीकडे पद्मालयाला, हे इथलं लहान पोरही सांगतं, वर भीमकुंड दाखवायला घेऊन जातं. महाभारत हे आमच्याकडे शेजारच्या गावात घडून गेलेलं असतं.

बाबांचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याचं छप्पर. खाट छपरात आणलेली. बाजूला कोणाच्या तरी कापसाचा ढीग, त्यावर मांजर. ओट्यावर एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला नाना, मध्ये माझं टेबल, लॅपटॉप आणि प्रिंटर. वायर शेजाऱ्यांच्या घरातून ओढलेली. भिंतीपलीकडे अर्धं गाव उभं. त्यांना लांब करायला पोलीस पाटलांना दोनदा सांगावं लागलं.

शपथ दिली. मग नियमाप्रमाणे बाबांना त्यांचं शपथपत्र वाचून दाखवलं. मजकूर कोर्टाच्या मराठीत, 'सदर दावा मिळकतीपैकी' वगैरे. बाबांची भाषा अहिराणी, माझ्या माहेरचीही तीच, म्हणून एकेक कलम वाचून मी त्यांना अहिराणीत समजावत गेले. ते छपराच्या वाशाकडे बघत ऐकत होते. 'दावा मिळकतीत कधीही खुणेचे दगड नव्हते' या वाक्यावर त्यांनी हात वर केला.

"हाई मी नही सांगं."

अण्णांचे वकील पुढे झाले. "बाबा, नीट आठवा. अंगठा तुमचाच आहे ना?"

"अंगठा मनाच शे. लिखेल मनं नही." अंगठा माझाच, लिहिलेलं माझं नाही.

अण्णा उभे राहिले, पुन्हा बसले. वकीलसाहेब माझ्याकडे वळले. साक्षीदार फितूर झाला आहे, तशी नोंद घ्या आणि मला त्याचा उलटतपास घेऊ द्या, अशी त्यांची मागणी. इथे कायदा स्पष्ट आहे. 2005 साली सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की स्वतःच्याच साक्षीदाराला फितूर ठरवून त्याचा उलटतपास घेण्याची परवानगी कोर्टच देऊ शकतं, कमिशनर नाही. मी त्यांची हरकत शब्दशः टिपून घेतली आणि कोर्टाकडून परवानगी आणायला सांगितलं. नानांच्या वकिलांना मात्र उलटतपासाचा हक्क होताच. त्यांचा चेहरा असा खुलला होता की मलाच अवघडल्यासारखं झालं.

त्यांनी सरळ विचारलं, दगड होते का?

"व्हतात. चार."

कोणी रोवले?

"मीच गाडात. मोठा मालक उभा व्हता, दोन्ही पोरं उभी व्हतीत."

मग गेले कुठे?

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मला वाटलं, इथे थांबतील. थांबले असते तरी नानांचं काम झालंच होतं.

"उपटात बी मीच. अण्णानी सांगं, मी उपटात. मालक वारना त्यानं पुढलं साल. दोन दगड गोठामा गव्हाणले लावेल शेतस, बाकीना आडवर धुनं धुवाले."

मी हे मराठीत उतरवून घेतलं: 'दगड मी स्वतः रोवले. वडील वारल्यानंतरच्या वर्षी प्रतिवादी क्रमांक 1 यांच्या सांगण्यावरून ते मी स्वतः उपटले.' टाइप करताना लक्षात येत होतं की या माणसाने एका वाक्यात मालकाला अडकवलं आणि त्याच वाक्यात स्वतःलाही. नानांच्या वकिलांना पहिला अर्धा हवा होता. दुसरा अर्धा कोणीच मागितला नव्हता.

तेवढ्यावर भागलं नाही. दगड उपटले म्हणजे खूण गेली, असं नानांचे वकील हळहळत म्हणाले, तेव्हा बाबांनी मान हलवली. वडिलांनी दगड रोवण्याआधी प्रत्येक खड्ड्यात घमेलंभर कोळसे टाकायला लावले होते. दगड वर रोवलेला, कोळसा खाली हातभर खोल. "नांगरनं फाळ तथलोंग जात नही," बाबा म्हणाले. तथलोंग म्हणजे तिथपर्यंत. उपटताना त्यांनी दगड तेवढे काढले. कोळशांना हात लावायला कोणी सांगितलं नव्हतं.

कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेच्या गुप्त खुणा सांगितल्या आहेत. दगड, हाडं, कोंडा, राख, खापऱ्या यांच्या यादीत कोळसाही आहे. गिरणाकाठच्या त्या शेतकऱ्याने मनुस्मृती उघडून पाहिली असेल असं मला वाटत नाही. जमिनीच्या भांडणांचं वय मात्र यावरून कळतं.

तेवढ्यात डबा आला. अण्णांचा नातू सायकलवर, हँडलला पिशवी. घरी अजून काही कळलेलं नव्हतं. पोराने रोजच्यासारखं बाबांना कमरेत हात घालून बसवलं, पाठीला गोधडीची गुंडाळी लावली आणि डबा उघडला. कळण्याची भाकरी, वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. सगळ्यांच्या नजरा डब्यावर. अण्णांनी पाठ फिरवली.

नाना उठून खाटेपाशी आले. "बाबा, ते राहू द्या. आमच्याकडून येईल आता. आजपासून तुम्ही आमच्याकडे."

बाबा भाकरी मोडत होते. "नाना, मी तुमनाकरता नही बोलनू," एवढंच म्हणाले आणि पहिला घास घेतला.

हे अण्णांच्या वकिलांना सहन झालं नाही. माणूस तसा सज्जन आहे, पण बाबांना म्हणाले, "ज्याचं खाता त्याच्याविरुद्ध बोलता आणि वर त्याचंच खाता? अहो, भीष्माला सगळं कळत होतं, तरी मीठ खाल्लं म्हणून तो दुर्योधनाच्याच बाजूने उभा राहिला." जेवणाची सुट्टी होती, साक्षीचं काम थांबलेलं, म्हणून मी आडवं गेले नाही. खरं सांगायचं तर मलाही उत्तर ऐकायचं होतं.

त्यांना ठाऊक नव्हतं ते हे, की या घरात दर चातुर्मासात पांडवप्रतापाची पोथी लागायची. वडील मारुतीच्या देवळात वाचायचे आणि बाबा गोठ्यातलं आटोपून दाराशी ऐकायला बसायचे. श्रीधरांच्या त्या चौसष्ट अध्यायांची त्यांच्या कानावरून किती पारायणं झाली असतील! अक्षर एकही येत नाही.

बाबांनी पाणी प्यायलं आणि भीष्माची ती कीर्तनात सांगतात तीच गोष्ट सांगितली. शरपंजरी पडलेला भीष्म धर्म सांगतोय आणि द्रौपदी हसते. म्हणते, हे ज्ञान माझी विटंबना होत होती तेव्हा कुठे होतं? भीष्म म्हणतो, तेव्हा माझ्या अंगात दुर्योधनाच्या अन्नाचं रक्त होतं; अर्जुनाच्या बाणांनी ते वाहून गेलं, आता बोलता येतंय. ही कथा व्यासांची नव्हे, लोकांनी रचलेली. पण गावोगाव तीच ऐकू येते.

"बघा!" वकीलसाहेब म्हणाले. "मग हे अन्न?"

बाबांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "भीष्म बठीसन खाये. मी राबीसन खादं. फुकटनं नही."

भिंतीपलीकडे कोणीतरी मोठ्याने हसलं. मला नाही हसू आलं.

भीष्मपर्वात, शंख वाजायच्या आधी, युधिष्ठिर चिलखत उतरवून पायी कौरवसेनेत जातो आणि भीष्म, द्रोण, कृप, शल्य यांच्या पाया पडून आशीर्वाद मागतो. चौघेही त्याला जवळजवळ एकच वाक्य ऐकवतात: 'अर्थस्य पुरुषो दासो दासस्त्वर्थो न कस्यचित्.' माणूस पैशाचा दास, पैसा कोणाचा दास नाही. कौरवांनी मला अर्थाने बांधलंय. मग भीष्म आणि द्रोण आपला पराभव कशाने होईल तेही पुढे-मागे त्याला सांगून टाकतात. म्हणजे न्याय कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक. हे वाचताना मला भीष्माचं नेहमी नवल वाटतं. ज्या राज्यावर स्वतःचा हक्क सोडला, ज्या घराची पिढ्यान् पिढ्या राखण केली, त्याच घरच्या अन्नाने हा माणूस स्वतःला बांधलेला म्हणवतो. देणं उलट बाजूने होतं, हे त्याच्या डोक्यातही येत नाही. सालदाराच्या आलं होतं. आखाजीला साल ठरतं, आखाजीला फिटतं. मीठ पगारात धरलेलं असतं. बाबांनी अण्णांना अंग दिलं होतं, जीभ दिली नव्हती, आणि तिचा भाव कधी कोणी ठरवलाही नव्हता.

जेवणानंतरचा उलटतपास लवकर संपला. वाचून दाखवलं, अंगठा घेतला. शाई पुसायला नातवाने पुढे होऊन आपल्या शर्टाची बाही दिली.

परतीच्या गाडीत वकीलसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. पारोळ्याच्या रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "कर्ण असता तर असं केलं नसतं. कृष्णाने राज्य देऊ केलं, तरी दुर्योधनाला सोडलं नाही."

मी म्हटलं, बाबांनी तरी कुठे सोडलं? नाना न्यायला आले होते, ते गेले नाहीत. बाजू बदलली ती युयुत्सूने. युधिष्ठिराने दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभं राहून हाक दिली आणि तो सगळ्यांदेखत कौरव सोडून पांडवांकडे गेला. बाबा युयुत्सू नव्हेत, विकर्ण आहेत. द्यूतसभेत द्रौपदीचा प्रश्न पडला, तेव्हा धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून भीष्माने हात झटकले, आणि कौरवांतला हा पोरगा उठून म्हणाला की ती जिंकली गेलेली नाही. पुढे युद्धात मात्र तो भावांच्याच बाजूने लढला आणि भीमाच्या हातून मेला. भीमालाही त्याचं वाईट वाटलं.

"आणि त्या विकर्णाला सभेत गप्प कोणी केलं?" मी विचारलं.

"कर्णाने," साहेब म्हणाले. त्यांच्या वाचनात खोट नाही.

"उद्योगपर्वात कर्ण कृष्णाला काय सांगतो? दुर्योधनाच्या बाजूने लढणार याचं त्याला काही वाटत नाही. पस्तावा एकाच गोष्टीचा: दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना कटू बोललो. लढल्याचा नाही, साहेब, बोलल्याचा."

"घर बाहेरच्यांसमोर उघडं करायचं नसतं, ताई," ते म्हणाले. "एकांतात अण्णांना सांगता आलं असतं." हे त्यांचं म्हणणं आजही कायम आहे, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. विदुराने जन्मभर एकांतात आणि सभेतही सांगितलं, कोणी ऐकलं नाही, हे माझं उत्तर. त्यावर ते म्हणतात, अण्णा म्हणजे धृतराष्ट्र नव्हे. असेलही. पण एकांतात विचारायला अण्णा तरी कुठे गेले होते? शपथपत्र टाइप करून अंगठ्यापुरते गेले.

कमिशनरला अहवालात साक्षीदाराच्या वर्तणुकीबद्दल शेरा लिहिता येतो. बहुतेक जण ती जागा कोरी सोडतात. मी लिहिलं: 'साक्षीदाराने प्रत्येक प्रश्न पूर्ण ऐकून उत्तर दिले. उत्तर देताना वादी वा प्रतिवादी यांपैकी कोणाकडेही पाहिले नाही. स्वतःस अडचणीचे उत्तर न विचारता दिले.' शेवटचं वाक्य ठेवावं की काढावं, यावर एक रात्र गेली. ठेवलं.

पुढे अण्णांच्या वकिलांना परवानगी मिळाली आणि त्यांनी बाबांचा उलटतपास घेतला. नानांनी पैसे दिले का, नानांकडे राहायला जाणार आहात का, डोळ्यांना नीट दिसतं का, सगळं विचारून झालं. बाबा तसूभर हलले नाहीत. मग कोर्टाच्या हुकमाने मोजणी झाली. भूमी अभिलेखचा मोजणीदार मशीन लावून बसला, खुंट्या ठोकल्या आणि बाबांनी सांगितलेल्या अंदाजाने पावलं टाकून चार जागी खोदलं. तीन ठिकाणी काळे कोळसे निघाले. चौथी जागा ठिबकच्या मेन लाइनखाली होती. तिथे खोदायची गरज पडली नाही. अण्णा बांधावर उकिडवे बसले होते. पहिल्या खड्ड्यातून निघालेला एक कोळसा त्यांनी उचलला, बोटांनी चुरला आणि बराच वेळ धोतराला हात पुसत राहिले.

दावा शेवटी लोकअदालतीत तडजोडीने मिटला. शेत मधोमध, विहीर सामाईक, पाण्याची पाळी ठरवून दिली. भाऊ एकमेकांशी बोलतात असं ऐकलं नाही, पण मोटार एकाच विजेवर चालते.

डब्याचं काय झालं, ते मात्र मला मोजणीच्या दिवशीच कळलं होतं. अण्णांच्या घरी चहाला बोलावलं होतं. चुलीपाशी त्यांची बायको डबा बांधत होती. कोणाचा, ते विचारायची गरज नव्हती. गोधडीवर बसवायला नातू दारात सायकल घेऊन उभाच होता. तरी मी विचारलं, काकू, अजून जातो का डबा?

तिने मिरचीचा हात पदराला पुसला, माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी शहाणीसुरती बाई असून भलतंच बोलतेय, आणि म्हणाली, "साल आखाजीलोंग ठरेल शे ना, ताई."